मिठागराच्या फळ्यांची पेटी

एकोणीसशे बावन्न साली ठाण्याच्या खारकर आळीत रेडिओ असलेली घरं सात, आणि त्या सातांत सगळ्यात भिकार आवाजाचा रेडिओ कुणाचा, यावर आळीचं एकमत होतं. विश्राम टिपणीसाचा. काळ्या बेकलाइटचा, वीतभर उंचीचा तो संच दिसायला मोठा देखणा. कोनाड्यात नवरदेवासारखा बसायचा. पण तोंड उघडलं की पंचाईत. बातम्या देणारा गृहस्थ बारा महिने पडशानं बेजार वाटे आणि गाणाऱ्या बाई डब्यात कोंडलेल्या माशीसारख्या गुणगुणत. विश्रामची बायको नीला स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, त्या बातम्यावाल्यांना कुणीतरी सुंठ-गूळ पाठवा हो."

विश्रामला ते लागायचं. त्याला अपुरं काही खपतच नसे. तो जिल्ह्याच्या कचेरीत नकलनवीस होता. निकाल, साक्षी, दाखले यांच्या नकला उतरवायच्या, हे काम. अक्षर असं की वकील लोक मूळ कागद बाजूला सारून नक्कल वाचत. आणि एक त्याचा बाणा होता, साक्षीदाराचं वाक्य अर्धं टाकून तो कधी उठला नाही. जेवणाची सुट्टी होवो, साहेबाचा शिपाई डोक्यावर येऊन उभा राहो, वाक्य पुरं करणार आणि मगच टाक खाली ठेवणार. कचेरीत त्यावरून थट्टा चालायची, की उद्या इमारतीला आग लागली तरी टिपणीस पूर्णविराम देऊन मग पळेल.

त्याच्या घरासमोर, मधला अरुंद बोळ ओलांडला की गोदूकाकूंचं घर. नात्याच्या नव्हेत, पण विश्राम सात वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि त्यानंतर तो जेवला तो काकूंच्या पाटावर. लहानपणी त्याचा कान फुटायचा. काकू लसूण घालून तेल कोमट करायच्या, दोन थेंब सोडायच्या, वर कापसाचा बोळा घालायच्या आणि त्याचं डोकं मांडीवर धरून अर्धा अर्धा तास बसायच्या. त्या वेळी त्या काय काय बोलत ते कापसामुळे त्याला ऐकू येत नसे. नुसता ओठ हलताना दिसत.

पुढे तो नोकरीला लागला, लग्न झालं, आणि सगळ्यांचं होतं तसंच झालं. बोळ तेवढाच राहिला, पण ओलांडणं कमी झालं. दसऱ्याला आपट्याचं सोनं पहिलं काकूंच्या हातात, दिवाळीला फराळाचं ताट, संक्रांतीला तिळगूळ. तीन फेऱ्या. काकूंनी त्याबद्दल कधी शब्द काढला नाही. त्यांचा मुलगा बाळ जबलपूरला सरकारी कारखान्यात होता, त्याच्याबद्दलही त्या काही बोलत नसत.

मग त्रेपन्नच्या उन्हाळ्यात काकू मागच्या दारी घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. बाळ आला, पंधरा दिवस राहिला, मधल्या खोलीत खाट टाकून दिली, कल्याणहून मामेबहीण जया हिला आणून बसवली आणि परत गेला. जया तिशीची, बिनलग्नाची आणि जिभेची तिखट. आत्याचं सगळं तीच करायची.

विश्राम भेटायला गेला तेव्हा काकू प्रत्येक वाक्याला म्हणत, "काय म्हणालास?" तो पुन्हा सांगे. त्या पुन्हा विचारत. आला होता पाच मिनिटांसाठी, पाऊण तास मोडला. घरी येऊन नीलाला म्हणाला, पडण्याच्या धक्क्यानं काकूंचे कान गेले गं. नीला हसली. म्हणाली, आपल्याकडे पळी पडली तर काकू तिकडून विचारतात काय सांडलं म्हणून, आणि कान गेले कसले? पण विश्रामनं एकदा मनात नक्कल उतरवली की त्यात खाडाखोड नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच सुरू झालं होतं. पडून पडून बाई कंटाळत असतील. आपला रेडिओ तिथे ऐकू गेला पाहिजे. आणि बहिऱ्या माणसाला ऐकू जायचा तर आवाज खणखणीत पाहिजे.

त्याच्या रेडिओच्या पाठीला भोकांच्या दोन जोड्या होत्या. एक ग्रामोफोनची, म्हणजे तबकडीचा आवाज रेडिओच्या आत घ्यायची. दुसरी बाहेरच्या स्पीकरची, म्हणजे रेडिओचा आवाज दुसरीकडे न्यायची. विश्राम लॅमिंग्टन रोडवर जाऊन लढाईच्या मोडीतला थाळीएवढा स्पीकर घेऊन आला. खिडकीतून तार काढली, बोळातल्या पपईच्या झाडाला एक गाठ मारून काकूंच्या मधल्या खोलीत नेली आणि स्पीकर खाटेसमोर खुंटीला टांगला. आवाज मोठा आला, पण फुसका, हवा गेलेल्या भात्यासारखा.

"ऐकू येतंय रे," काकू म्हणाल्या, "पण जरा पोकळ नाही वाटत?"

दुसऱ्या दिवशी कचेरीतून सुटल्यावर तो पेचकस घेऊन हजर. स्पीकर तांब्याच्या घागरीच्या तोंडावर बसवला. काकू म्हणाल्या, आता गाणारीण विहिरीत पडल्यासारखी वाटते. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात बसवला, तर प्रत्येक तानेला डबा थरथरायचा. असे पाच-सहा रविवार गेले. विश्राम जमिनीवर मांडी घालून बसलेला, भोवती तारा आणि खिळे, आणि काकू खाटेवरून आळीतल्या भानगडी सांगताहेत. कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, कुणाच्या मुंजीत भटजींना मूर्च्छा आली आणि ती कशानं आली. मधूनच त्या जयाला म्हणत, विशूला चहा टाक, आलं जास्त घाल. विशू म्हणणारं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

लाकडाची पेटी पाहिजे, हे विश्रामच्या ध्यानात आलं. पण कसल्या लाकडाची? नकला न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला तो हे विचारू लागला. खाडीकाठच्या मिठागरावर काम करणारा काळुराम बांधाच्या एका दाव्याच्या नकलेसाठी खेपा घालत होता. त्यानं मनावर घेतलं. एके दिवशी कचेरीच्या पायरीवर सागवानी फळ्यांची मोळी आणून टाकली. मिठागराच्या बांधाला भरतीचं पाणी आत सोडायला झडप असते, तिच्या त्या जुन्या फळ्या.

"दादा, बारा वरसं खाऱ्या पान्यान होती," तो म्हणाला. "हिला वाळवी नाय, की हलनं नाय. तुमची बाई कितीबी वरडू दे."

ती पेटी मात्र जमली. दोन फूट उंच, काळसर, अंगाला मिठाचा वास. ज्या संध्याकाळी ती पहिल्यांदा वाजली त्या संध्याकाळी बातम्यावाल्याचं दोन वर्षांचं पडसं बरं झालं. गाणाऱ्या बाई खोलीत येऊन बसल्यासारख्या वाटल्या. श्वास घेतलेलासुद्धा कळला. आळीतले लोक खिडकीशी उभे राहिले. नीला कंबरेवर हात ठेवून बघत राहिली आणि एवढंच म्हणाली, अहो, हे खरंच तुम्ही केलंत? विश्रामनं काकूंकडे पाहिलं. सगळी आळी ऐकत असली तरी त्याला निकाल पाहिजे होता तो खाटेवरचा.

काकू डोळे मिटून होत्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "चांगलं आहे रे. पण खालच्या सुराला जरा खरखरतं का?"

झालं. विश्राम पुन्हा मांडी घालून बसला.

त्या खरखरीनं चौदा महिने खाल्ले. त्यानं आतून घोंगडीचे तुकडे लावले, खिळ्यांच्या जागी मळसूत्रं घातली, पुढचं कापड तीनदा बदललं. दर चार-आठ दिवसांनी काकूंना काहीतरी नवं ऐकू यायचं. कधी सूं आवाज, कधी घोगरेपणा. श्रावणात दमट हवेनं खाऱ्या फळ्यांना ओल सुटायची आणि पेटीच्या अंगावर थेंब उभे राहायचे. "विशू, तुझ्या पेटीला घाम आला रे," काकू म्हणायच्या. "इतकं काम करून घेऊ नकोस तिच्याकडून." तो धोतराच्या सोग्यानं पेटी पुसायचा आणि पुसता पुसता तासभर बसायचा.

आता आळीला काय ठाऊक होतं ते सांगायला हरकत नाही. काकूंचे कान मांजराचे होते. पेटी लागली की त्यांच्या डोक्यात घण पडायचे. म्हणून रेडिओ सुरू व्हायच्या वेळेला जया त्यांच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालायची, आणि बोळात विश्रामच्या चपला वाजल्या की चटकन काढून उशीखाली सारायची. हे साऱ्या बायकांना माहीत होतं आणि त्या पदरात तोंड घालून हसत. नीलालाही माहीत होतं. तिनं नवऱ्याला सांगितलं नाही, कारण संध्याकाळी काकूंकडून परत आलेला विश्राम तिला आवडायचा. तो तेव्हा जेवताना बोलायचा.

चौपन्नचा दसरा आला. टिपणीसांकडे खंडेनवमीला टाक-दौत, अडकित्ता, शिवणाचं यंत्र पुजत, आणि दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावत नसे. त्या वर्षी विश्राम म्हणाला, रेडिओसुद्धा मांड. नीलानं सगळ्या तारा उपसल्या, संच उलटासुलटा करून पुसला, कळा घासून लखलखीत केल्या. पुढच्या कापडावर डाग नको म्हणून तिनं हळदकुंकवाची बोटं पाठीवर ओढली. भोकांच्या दोन्ही जोड्यांखालची इंग्रजी अक्षरं देवीला वाहिली गेली.

दसऱ्याच्या दिवशी ऊन उतरताना विश्राम पूजा हलवून तारा जोडायला बसला. अंगात परीटघडीचा सदरा, खिशात आपट्याची पानं. रेडिओ सुरू करायचा आणि सोनं घेऊन समोर जायचं, म्हणजे काकूंच्या पाया पडताना मागे गाणं चालू असेल, असा त्याचा बेत. स्पीकरची तार त्यानं अंदाजानं एका जोडीत खोचली. कळ दाबली. दिवा लागला, पण गाणं नाही. घासताना एक कळ फिरून ग्रामोफोनच्या खुणेवर गेली होती, हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्यानं आवाज वाढवला. सूं झालं, भांडं आदळल्यासारखं काही झालं, आणि रेडिओतून जया म्हणाली, "आज पेटी गप्प आहे. पूजेला बसवलाय वाटतं रेडिओ."

विश्रामला क्षणात उमगलं. तार ग्रामोफोनच्या भोकांत गेली होती. स्पीकरचा पडदा बोलतो तसा ऐकूही शकतो, हे त्यानं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. आता मिठागराच्या फळ्यांची ती पेटी काकूंच्या खोलीतला शब्द न् शब्द त्याच्याकडे पाठवत होती. हात पुढे झालाच होता. सभ्य माणसानं तिथेच तार काढली असती, आणि विश्राम सभ्य होता. पण आता काकू बोलू लागल्या होत्या, आणि इतक्या स्पष्ट आवाजात त्या रेडिओतून आजवर कुणीच बोललं नव्हतं.

"बरं झालं बाई. एक दिवस तरी डोक्याला आराम. कान किटले माझे त्या पेटीनं. नुसता ठणाणा."

"मग सांग की त्याला एकदा," जया म्हणाली.

"काय सांगू?"

विश्रामनं तार ओढून काढली.

नीला आतून म्हणाली, "अहो, जाताय ना सोनं द्यायला? काकू वाट बघत असतील." तो म्हणाला, डोकं दुखतंय. त्या वर्षी काकूंच्या हातात पहिलं सोनं त्याचं पडलं नाही, पडलंच नाही. पानं सदऱ्याच्या खिशात राहिली आणि धोब्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पेचकस घेऊन गेला. काकूंनी त्याला पाहून उशीला रेटून थोडं वर व्हायचा प्रयत्न केला. "काल आला नाहीस," त्या म्हणाल्या. तो पेटीची तार सोडवू लागला.

"का रे, बिघडली?"

"नाही."

"मग?"

"तुम्हाला त्रास नको, काकू."

काकूंनी जयाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तो पाठमोरा होता आणि पेटी जड होती. "ने बाबा," त्या म्हणाल्या. "तुझीच आहे." तार मात्र खुंटीला तशीच राहिली.

दिवाळीत फराळाचं ताट नीला घेऊन गेली. काकूंनी निरोप दिला, भिंत ओकीबोकी दिसते रे, पेटी आणून लाव. विश्राम म्हणाला, बघू. कार्तिकात जया स्वतः उंबऱ्यापर्यंत आली. आत्या म्हणतेय की कान आता अगदीच गेले, पेटीशिवाय काही ऐकू येत नाही. हे ऐकून तर विश्राम जास्तच चिडला. आता आपल्याला सगळं कळलंय आणि तरी ही म्हातारी आपल्याला पोरासारखं खेळवते, असं त्याला वाटलं. चौदा महिन्यांचे रविवार त्याला आठवले, आळीतल्या बायकांचं पदराआडचं हसू आठवलं. त्याचाही अर्थ आता लागला होता.

"कान शाबूत आहेत त्यांचे," तो जया गेल्यावर म्हणाला.

"ते मी तुम्हाला दीड वर्षापूर्वीच सांगितलं होतं," नीला म्हणाली. "म्हणून काय झालं? जाऊन बसा ना दहा मिनिटं. पेटी कशाला पाहिजे त्याला?"

तो म्हणाला, जाईन. कचेरीत वर्षअखेरची घाई आहे, ती संपू दे.

मार्गशीर्षात एका गुरुवारी दुपारी काकू गेल्या. जेवण करून कुशीवर झाल्या त्या तशाच. विश्राम कचेरीत होता. शिपायानं निरोप आणला तेव्हा एका साक्षीची नक्कल अर्ध्यावर होती. टाक हातातून कधी सुटला ते त्याला कळलं नाही. कागदावर शाईचा ओघळ आला आणि वाक्य तसंच राहिलं.

दिवसकार्य झाल्यावर बाळनं घराला कुलूप लावायचं ठरवलं. जया कल्याणला परत निघाली होती. निघायच्या आधी ती तारेचं भेंडोळं घेऊन विश्रामकडे आली. नीलानं तिला पाट दिला, ती बसली नाही.

"विश्रामदादा, एक विचारायचंय," ती म्हणाली. "दसऱ्याला सोनं द्यायला तुम्ही का आला नाहीत? आत्यानं मला परकर-पोलक्यातल्या पोरीसारखं चारदा दारापर्यंत पिटाळलं तुम्हाला बघायला."

विश्रामनं आजवर नीलालाही जे सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तार, भोकं, कळ, सगळं. जया ऐकत राहिली.

"कुठपर्यंत ऐकलंत?"

"'काय सांगू' म्हणाल्या. तिथपर्यंत."

"आणि तार काढलीत."

"हो."

"पुढचं ऐकायला पाहिजे होतंत हो," जया म्हणाली. "ती म्हणाली, काय सांगू? पेटी छान वाजते म्हणून एकदा सांगितलं की संपलं. मग तो कशाला येतोय? खरखर आहे तोवर पोर येतंय."

मग तिनं भेंडोळं खाली ठेवलं. कमरेची एक कापसाची पुडी तिनं सोडली आणि तीही ठेवली. उशीखाली सापडली, फेकवेना, म्हणाली आणि निघाली. नीलानं ती उचलली, उघडून पाहिली, आणि नवऱ्याकडे न बघता आत निघून गेली.

विश्राम टिपणीस त्यानंतर बरीच वर्षं जगला. त्याच्या पेटीची कीर्ती झालीच होती. नौपाड्यातून, चेंदणीतून, अगदी ठाकुर्लीच्या रेल्वे वसाहतीतूनही बोलावणी येत, की आमच्या रेडिओचा आवाज सुधारून द्या. तो जायचा. जिथे तरणीताठी माणसं असत तिथे अर्ध्या तासात काम उरकायचा. पण एखाद्या घरात म्हातारं माणूस म्हणालं, काल तुम्ही केलंत ते ठीक, पण आज पुन्हा सूं येतंय, तर तो मुकाट्यानं मांडी घालून बसे. मागचं झाकण काढी. आत काहीच बिघडलेलं नसे. एक मळसूत्र सैल करी, तेच पुन्हा आवळी, आणि विचारी, आता? म्हातारं म्हणे, जरा बरं आहे. मग चहा येई. लोक म्हणत, टिपणीस हात चांगला लावतो पण फार वेळ खातो.

आपल्या घरी मात्र त्यानं ती पेटी पुन्हा जोडली नाही. कोनाड्यातला रेडिओ मरेपर्यंत नाकातच बोलत राहिला आणि नीलानं सुंठ-गुळाचा विनोद पुन्हा केला नाही. पेटीवर ती पापडांचे डबे ठेवायची. श्रावण लागला की फळ्यांना ओल सुटायची, डब्यांच्या बुडाला गंज धरायचा. ती नवऱ्याला म्हणायची, ही काढून टाका आता, खारी लाकडं ती, घाम येतच राहणार. विश्राम डबे उचलून खाली ठेवायचा, धोतराचा सोगा सोडायचा आणि पेटी पुसत बसायचा. तासभर तरी.